आंबिलीचा घोट: चव ओळखावी कशी, जोडीला वाढावं काय



येळवस पंधरा दिवसांवर आली आहे. रानात ज्वारी निसवायला लागली असेल, तुरीच्या शेंगा भरल्या असतील. कोप कुठं घालायची, पांडव कुणी मांडायचे, गाडी जोडायची की टमटम सांगायचा, ही बोलणी घराघरात सुरू झाली असतील. धाराशिव आणि लातूरकडच्या माणसाला दिवाळीला गावी येता आलं नाही तर चालतं, पण येळवशीला तो येतोच. आणि रानात गेल्यावर पहिलं विचारतो ते आंबिलीचं मडकं कुठं ठेवलंय.

आज मी त्या मडक्याबद्दलच बोलणार आहे. आंबील कशी करायची हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिची चव कशी घ्यायची, ती चांगली झाली की नाही हे कशावरून ठरवायचं आणि तिच्या जोडीला काय वाढायचं, हे आज बघू. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मलाही गेल्या वर्षापर्यंत वाटायचं.

झालं असं. आमच्याकडे आंबिलीचा शेवटचा शब्द सासूबाईंचा. मी या घरात आल्यापासून बघते आहे. येळवशीच्या पहाटे त्या वाटीत थोडी आंबील घ्यायच्या, वास घ्यायच्या, एक घोट तोंडात धरून ठेवायच्या आणि सांगायच्या, ‘अजून तांब्याभर ताक घाल,’ नाहीतर ‘झाली, आता हात लावू नका.’ गेल्या येळवशीला त्यांनी घोट घेतला, बराच वेळ गप्प राहिल्या आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ‘मला आता आंबट नीट कळंना. तूच बघ.’

मी घोट घेतला. छान लागली. पण छान म्हणजे काय, हे मला सांगता येईना. गेल्या साली होती तशी आहे का? आंबट कमी आहे का जास्त? मडकं रानात चार तास राहणार आहे, तोवर ती टिकेल का? इतकी वर्षं मी हातानं आंबील केली, पण चवीचा निर्णय एकदाही माझ्या जिभेनं घेतला नव्हता.

त्याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागली. महिला दिनाच्या सुमारास तालुक्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. आमच्या गटानं दोन मोठी मडकी आंबील नेली. सकाळी माणसं मागून मागून पीत होती. पहिलं मडकं बाराच्या आत संपलं. दुसरं मडकं उघडलं आणि लोक अर्धा पेला पिऊन खाली ठेवायला लागले. कुणी काही बोललं नाही, नुसतं तोंड वेडंवाकडं करून पुढे गेले. आमच्या दहाजणींपैकी एकीनंही सकाळनंतर घोट घेऊन बघितला नव्हता. अर्धं मडकं तसंच घरी आलं.

सासूबाईंनी ते बघितलं. आंबट कळत नाही म्हणणाऱ्या त्या बाईनं वाटीत आंबील घेतली, उजेडाला धरली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाल्या, ‘पानी वर आलंय, पीठ खाली बसलंय. ताक फुटलंय बघ. ऊन लागलंय हिला.’ जिभेवर न ठेवता त्यांनी डोळ्यानं आणि बोटानं सांगितलं. तेव्हा मला कळलं की हे नुसतं सवयीचं नाही, यात पायऱ्या आहेत. त्या आपण कुणी लिहून ठेवल्या नाहीत, एवढंच.

काळ्या बिअरीची गोष्ट

या पायऱ्या मला नीट सांगितल्या त्या आमच्या भाच्यानं. तो पुण्यात एका हॉटेलात कामाला आहे. तिथं बिअर तिथंच तयार होते आणि रोज सकाळी ती चाखून कागदावर नोंद करायची, हे त्याचं काम. मे महिन्यात तो गावी आला होता. बाटली त्यानं आणली नव्हती, आजीसमोर आणायची हिंमतही नव्हती. पण काम काय करतो हे आजीनं विचारल्यावर त्याला सांगावंच लागलं.

बिअर म्हटल्यावर तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बरोबर आहे. दारूनं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गावोगावी बायांनी आडवी बाटली करण्यासाठी रांगा लावून मतं दिली आहेत. मी इथं कुणाला प्यायला सांगत नाही. पण चव पारखायची विद्या जिथून मिळेल तिथून घ्यावी.

त्यानं सांगितलं ते असं. बिअर म्हणजेही धान्याचं आंबवलेलं पाणीच. बार्ली म्हणजे जव. ते भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडून गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची. त्यात कडवटपणासाठी हॉप नावाच्या वेलीची फुलं उकळायची आणि मग यीस्ट घालून आंबवायचं. धान्य कमी भाजलं तर बिअर पिवळी होते. काही दाणे कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजले तर काळी होते. काळी दिसते म्हणून लोकांना वाटतं की ती फार कडक असणार. पण रंग भाजण्याचा असतो, नशेचा नाही. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात १७५९ साली सुरू झालेल्या गिनेस कारखान्याची काळी बिअर जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यात मद्यार्क साधारण सव्वाचार टक्के, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरीएवढाच किंवा थोडा कमी असतो. नव्या माणसाला ती चाखायला देताना भाचा आधी सांगतो, ‘रंग बघून घाबरू नका, आधी वास घ्या.’ कारण वास भाजलेल्या भाकरीचा आणि कॉफीचा येतो, ओळखीचा असतो.

हे ऐकून मला आपली बाजरीची आंबील आठवली. ती करडी काळपट दिसते म्हणून शहरातली पोरं तोंडाला लावत नाहीत. रंगावरून चव ठरवायची खोड सगळीकडे सारखीच.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली आणि सासूबाईसुद्धा पदर सावरून पुढे सरकल्या. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशानं १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली. तेव्हा तिथल्या कारखान्यांनी बिअरीसाठी काय वापरलं? ज्वारी. तिथली काळी बिअरही ज्वारीवर व्हायला लागली. आणि दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारी आणि मक्याचं उमकोंबोथी नावाचं दाट, आंबट, फिकट तपकिरी रंगाचं पेय पिढ्यान्‌पिढ्या घरी होत आलंय. परंपरेनं ते करतात बायका. त्यात मद्य असतं, आपल्या आंबिलीत नशा चढेल इतकं काही तयार होत नाही. पण धान्य तेच, मडकं तेच आणि ते झालं की नाही हे ठरवणारी जीभही बाईचीच.

आंबट होतं म्हणजे काय होतं

चव ओळखायची तर आत काय चाललंय हे थोडं माहीत हवं.

ज्वारीच्या पिठात आणि ताकात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. दुधाचं दही करतात त्याच जातीचे. पीठ ताकात कालवून झाकून ठेवलं की ते पिठातली आणि ताकातली थोडी साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोच आपला आंबटपणा. या आम्लामुळे रोगट जंतूंना वाढायला जड जातं, म्हणून नीट आंबलेलं पीठ लवकर नासत नाही. आंबल्यानं आणखी एक फायदा होतो. धान्यात फायटिक आम्ल नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. आंबवल्यावर तो कमी होतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असतं. आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमी, ही तक्रार घरोघरी आहे. नुसत्या आंबिलीनं ती जाणार नाही, पण पोटात गेलेलं लोह वाया कमी जाईल.

बिअरीत काम करतं ते यीस्ट, ते साखरेचं मद्य आणि वायू करतं. आंबिलीत काम करतात ते दह्याचे जिवाणू, ते आम्ल करतात. फरक मुख्यतः इथं आहे.

आता आमचं दुसरं मडकं का उतरलं ते बघा. आंबलेलं पीठ आपण शिजवतो तेव्हा हे जिवाणू मरतात, आंबटपणा तेवढा मागे राहतो. म्हणजे शिजवून गार केलेली आंबील शांत असते. तिच्यात ताक घातलं की जिवंत जिवाणू पुन्हा आत जातात आणि ऊब मिळाली की कामाला लागतात. आम्ही सकाळी सातलाच दोन्ही मडक्यांत ताक घालून बसलो होतो, तेही आदल्या दिवशीचं आंबट ताक. मार्चच्या उन्हात पाच-सहा तासांत व्हायचं ते झालं.

आता आम्ही शिजवलेली आंबील वेगळी नेतो, ताजं ताक वेगळं नेतो. लागेल तेवढीच, तासाभरात संपेल इतकी कालवतो. मडकं सावलीत ओल्या पोत्यावर ठेवतो. आणि दर तासाला एकजण घोट घेते.

आमचं प्रमाण

प्रत्येकीचा हात वेगळा. पण चवीची तुलना करायची तर एक प्रमाण ठरलेलं हवं. आमच्या गटानं हे ठरवलं.

ज्वारीचं पीठ १ वाटी. शक्यतो मालदांडी ज्वारीचं आणि आठवड्याच्या आतलं दळण, कारण पीठ जुनं झालं की कडवट वास येतो. ते रात्री १ वाटी ताक आणि १ वाटी पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. कापडानं झाकून ठेवायचं. थंडीत १० ते १२ तास लागतात, उन्हाळ्यात ५ ते ६ तास पुरतात. सकाळी ५ वाट्या पाणी उकळून त्यात ते धार धरून सोडायचं आणि ढवळत १० ते १२ मिनिटं शिजवायचं. चमक आली, पळीवरून जाडसर धार पडायला लागली की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावर १ वाटी ताजं ताक आणि लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण घालायचं.

भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत, तांब्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबील ठेवू नका. आंबटानं धातू उतरतो, चव कळकते आणि पोटालाही ते वाईट.

घोट कसा घ्यायचा

भाचा बिअर चाखतो त्या पायऱ्या आणि सासूबाई आंबील बघायच्या त्या पायऱ्या मी शेजारी ठेवल्या. फारसा फरक नाही.

आधी तयारी. चहा, तंबाखू, मिश्री आणि तिखट यानंतर अर्धा तास तरी चव बघू नका. मिश्री लावलेल्या तोंडाला बारीक फरक कळत नाही, हे आमच्या गटात दोघींनी स्वतः अनुभवलं. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली, जेवायच्या आधीची. साध्या पाण्यानं चूळ भरा. आंबील फ्रिजमधून काढलेली नको, मडक्याच्या गारव्याची हवी. फार गार वस्तूची चव जिभेला कमी कळते. काळी बिअरसुद्धा बर्फासारखी गार देत नाहीत, तिचा भाजका वास मरतो म्हणून.

पहिली पायरी डोळ्याची. काचेच्या पेल्यात ओता आणि उजेडाला धरा. एकसारखी आहे का? वर पाणी, खाली पीठ अशी फुटली आहे का? पेला तिरका करून सरळ करा. काचेला पातळ पदर राहून सावकाश उतरला तर दाटपणा बरोबर. गोळे चिकटून राहिले तर पीठ जास्त, काहीच राहिलं नाही तर पाणी जास्त. तारा सुटत असतील, गुलाबी, हिरवे किंवा काळे ठिपके असतील, तर पुढची पायरी नाही. चाखूही नका, टाकून द्या.

दुसरी पायरी नाकाची. पेला हलवा आणि दोन छोटे श्वास घ्या. ताज्या ताकाचा, भिजल्या धान्याचा, मागून जिऱ्या-लसणाचा वास यायला हवा. कुबट, बुरसट, कुजकट, खवट यातला कुठला आला तर थांबा. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. विश्वास बसत नसेल तर नाक दाबून जिरं चावून बघा, मग नाक सोडा.

तिसरी पायरी जिभेची. लहान घोट घ्या, लगेच गिळू नका. चार-पाच आकडे मोजेपर्यंत तोंडात फिरवा. आंबट किती? खारट किती? मागं ज्वारीची बारीक गोडी आहे का? चांगल्या आंबिलीत आंबटाच्या मागं ती गोडी लागते. ती लागली नाही आणि नुसता आंबटपणा दात आंबवून गेला, तर आंबील जास्त झाली.

चौथी पायरी गिळल्यानंतरची. घसा थंड वाटतो का? तोंडाला पाणी सुटून दुसरा घोट घ्यावासा वाटतो का? की घशात पिठूळ राहतं, जिभेवर कडवट रेंगाळतं? कच्चं राहिलेलं पीठ इथं पकडलं जातं.

पाचवी पायरी शब्दाची. जे कळलं ते मोठ्यानं बोलायचं आणि लिहायचं. भाच्याकडे इंग्रजी शब्दांची छापील यादी आहे. मी म्हटलं, आपल्याकडे काय कमी शब्द आहेत? आंबूस, आंबट, आंबटढाण. खमंग, खरपूस, करपट. तुरट, कळकट, खवट. सपक, मिळमिळीत, चरचरीत. एकाच आंबटाला तीन पायऱ्यांचे तीन शब्द आपल्या आईनं आपल्याला दिलेत. फक्त ते भांडी घासताना वापरायचे की मालाची प्रत ठरवताना, हे आपण ठरवायचं.

लिहिता येत नसेल तरी अडत नाही. आमच्याकडे प्रत्येकीपुढं एक वाटी आणि ज्वारीचे दाणे असतात. आंबट किती, तर १ ते ५ दाणे. सगळ्याजणी एकदम वाट्या उघडतात, म्हणजे एकीचं बघून दुसरी टाकत नाही. पहिल्या वेळी कुणाचे २, कुणाचे ५ असं झालं. चौथ्या महिन्यात बहुतेकींचे ३ किंवा ४ यायला लागले. जीभ अशी सरावाला येते.

आणखी एक खेळ भाच्यानं शिकवला. तीन सारखी फुलपात्रं घ्यायची. दोनांत एकच आंबील, तिसऱ्यात जरा वेगळी, म्हणजे जास्त ताकाची किंवा तासभर उन्हात ठेवलेली. ओतणारीलाच माहीत, बाकीच्यांनी वेगळी कुठली ते ओळखायचं. कारखान्यातसुद्धा चव पारखणाऱ्यांची परीक्षा अशीच घेतात. बघायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी आम्ही दहापैकी चौघीच ओळखू शकलो. त्या चौघींकडे आता विक्रीच्या दिवशी दर तासाचा घोट आहे.

जोडीला काय वाढावं

खाणं आणि पिणं यांची जोडी लावायचे नियम थोडेच आहेत.

पहिला नियम: आंबट तेलाला कापतं. तेलकट घास खाल्ल्यावर जिभेवर जो पदर बसतो, तो आंबिलीच्या घोटानं धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. म्हणून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तेल घातलेला ठेचा यांच्याबरोबर आंबील उत्तम.

दुसरा नियम: ताक तिखटाला धरतं. मिरचीचा जाळ पाण्यानं जात नाही, पण दुधातल्या प्रथिनांना तो चिकटतो आणि जिभेवरून सुटतो. येसुराची झणझणीत आमटी, काळ्या मसाल्याचं मटण, मिरचीचा खर्डा यांच्याशेजारी आंबिलीचा पेला हवा. इथं आपली आंबील बिअरीच्या पुढं आहे. मद्यानं तिखट जास्तच भडकतं.

तिसरा नियम: सारख्याला सारखं. काळ्या बिअरीबरोबर भाजलेलं मटण किंवा खरपूस पदार्थ देतात, कारण दोन्हीत भाजल्याची चव एकच. आपणही पीठ आंबत घालण्यापूर्वी त्यातलं पाव वाटी कोरडं खमंग भाजून घेतलं, तर आंबील किंचित तपकिरी होते, वास भाकरीच्या पापुद्र्यासारखा येतो. ती भाजल्या वांग्याच्या भरताबरोबर, कारळ्याच्या किंवा जवसाच्या चटणीबरोबर आणि तव्यावर कडक केलेल्या भाकरीबरोबर घेऊन बघा. बाजरीची आंबीलही याच जोडीची. मात्र पीठ करपू देऊ नका, खरपूस आणि करपट यांच्यात अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं.

चौथा नियम: आंबटावर आंबट नको. येळवशीच्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या असतात, बेसन असतं, पण चुका आणि चिंचही असते. भज्जी आंबट आणि आंबीलही आंबट झाली की दोन्हींची मजा जाते. आंबील ३ दाण्यांची असेल तर भज्जीत चिंच नेहमीसारखी घाला. आंबील ४ दाण्यांवर गेली तर चिंच निम्मी करा. बाजरीच्या उंड्यांना स्वतःची आंबट चव नसते, म्हणून ते दोघींच्या मध्ये बसतात. एक उंडा भज्जीत कुस्करायचा आणि वर आंबिलीचा घोट घ्यायचा. आपल्या आज्यांनी हे ताट जुळवलं ते उगीच नाही.

पाचवा नियम गोडाचा. गव्हाची खीर किंवा तिळाची पोळी खाल्ल्यावर लगेच आंबील प्यायली तर ती आहे त्याहून आंबट लागते. उलट आंबिलीच्या घोटानंतर गोड घास जास्त गोड लागतो. म्हणून पाहुण्याला आधी आंबील, मग खीर. विक्रीच्या ठिकाणी तर हे लक्षात ठेवाच. प्रदर्शनात आमच्या शेजारी पेढ्यांचं दुकान होतं. पेढा खाऊन येणाऱ्याला चांगली आंबीलही आंबटढाण लागणारच.

कशासाठी एवढं

तुम्ही म्हणाल, एका पेल्याचं किती कौतुक. पण बघा, आपल्याकडच्या रानात ज्वारी किती मागे गेली. खरिपात सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा वाढला. ज्वारी आता बऱ्याच घरी खाण्यापुरती आणि कडब्यापुरती राहिली आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे बाहेर किंमत होऊ लागली आहे. पण किंमत मिळते ती रोज सारखी निघणाऱ्या मालाला. आज छान, उद्या आंबटढाण अशा आंबिलीला कुणी दुसऱ्यांदा पैसे देत नाही. सारखेपणा यायचा तर चव मोजता यायला हवी, आणि ते यंत्र आपल्या तोंडातच आहे. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, पाणी उकळून वापरा, उरलेली आंबील दुसऱ्या दिवशी विकू नका.

आणि घरापुरतं म्हणाल तर, घरातली सगळ्यात जाणती जीभ कायम राहत नाही. वयानं वास आणि चव दोन्ही मंद होतात. ती असतानाच तिच्याशेजारी बसून घोट घ्या आणि तिला विचारा, तुम्हाला आत्ता काय कळलं? ‘चांगली झाली’ एवढ्यावर सोडू नका. कशावरून, ते विचारा.

या येळवशीला तुमच्या गटात एवढं करा. तीन घरच्या तीन आंबिली एका ठिकाणी आणा. नाव न सांगता फुलपात्रांत ओता. दाणे टाका, शब्द बोला, एकीनं वहीत लिहून घ्या. तीच वही पुढच्या वर्षी काढा.

आमची वही मी परवा सासूबाईंना वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मिठाचं लिवलंच न्हाई तुमी.’ खरंच राहिलं होतं. म्हणाल्या, ‘मीठ शेवटाला घालावं, ताक घातल्यावर. आधी घातलं तर पीठ दमानं आंबतं आणि आटल्यावर खारट हुतं.’ आम्ही ती ओळ घातली. तुम्हीही वरच्या प्रमाणात लिहून घ्या: मीठ शेवटी.